गाणं एकाचं, गाजलं दुसऱ्याचं

जून 1967. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेमध्ये मोठा पॉप महोत्सव भरला होता. ओटिस रेडिंग मंचावर आला आणि ‘रिस्पेक्ट’ सुरू करण्याआधी प्रेक्षकांना हसत हसत म्हणाला, की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून पळवलंय. गाणं त्यानं स्वतः लिहिलेलं, 1965 साली स्वतः गायलेलं, आणि बऱ्यापैकी चाललेलंही. पण त्याच महिन्यात अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं ‘रिस्पेक्ट’ अरिथा फ्रँकलिनचं होतं. आज हे गाणं कुणाचं असं विचारलं तर शंभरातले नव्वद लोक तिचंच नाव घेतील.

दुसऱ्याचं गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं की त्याला कव्हर म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रोज हजारो कव्हर निघतात आणि विसरली जातात. मग एखादंच मुळाच्या पुढे कसं निघून जातं? ‘दुसरी जास्त चांगली गायली’ या उत्तरानं भागत नाही. रेडिंग काही कच्चा गवई नव्हता.

आधी एक फरक पक्का करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गाणं वेगळं आणि रेकॉर्ड वेगळी. गाणं म्हणजे शब्द आणि चाल. रेकॉर्ड म्हणजे त्या गाण्याचं एका विशिष्ट दिवशी, एका स्टुडिओत, ठरावीक माणसांनी केलेलं एक रूप. कानाला दोन्ही एकदमच भेटतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. कायदा तसं समजत नाही, आणि पैसाही नाही.

आपल्या रागसंगीतात हा गोंधळ फारसा होत नाही. एकच बंदिश वेगवेगळ्या घराण्यांचे गवई गातात आणि मैफलीत ‘ओरिजिनल कुणाची?’ असं कुणी विचारत नाही. भास्करबुवा बखले यांनी 1916 सालच्या ‘संगीत स्वयंवर’मधल्या पदांना रागदारीतल्या बंदिशींच्या चाली दिल्या, त्यावरही कुणी हरकत घेतली नाही. पॉपमध्ये मात्र पहिली रेकॉर्ड हाच मूळ पुरावा मानला जातो आणि नंतरच्या प्रत्येकाला त्याच्याशी तुलना सोसावी लागते.

आता ‘रिस्पेक्ट’ जरा जवळून पाहू. रेडिंगच्या गाण्यात बोलणारा आहे कामावरून घरी येणारा पुरुष. मी कमावतो, पैसे तुझ्या हातात ठेवतो, मी नसताना तुला हवं ते कर, पण घरी आलो की मला मान दे, असं त्याचं मागणं. गाणं धावतं आहे. ब्रासची वाद्यं मागून रेटत राहतात आणि कडव्यामागून कडवं येतं. मध्ये वळण असं नाहीच.

14 फेब्रुवारी 1967 रोजी न्यूयॉर्कमधल्या अटलांटिक कंपनीच्या स्टुडिओत अरिथानं ते गायलं तेव्हा बोलणारी बाई झाली. नुसतं ‘तो’चं ‘ती’ केलं असतं तर काही विशेष घडलं नसतं. तिनं सौदाच उलटवला. हिचे पैसे हिच्याकडे आहेत. तू नसताना मी वावगं वागणार नाही, कारण तसं वागायची मला इच्छा नाही. तुझी परवानगी हवी म्हणून नव्हे. पुरुषाच्या तोंडी जी घरगुती तक्रार होती, ती बाईच्या तोंडी येताच हक्काची मागणी झाली. नागरी हक्कांची चळवळ जोरात होती, स्त्रियांची चळवळ उभी राहत होती. दोघींनी हे गाणं आपलं मानलं यात नवल नाही.

रचनेतही तिनं हात घातला. शब्दातलं एकेक अक्षर सुटं करून म्हणायची ती जागा, आर-ई-एस-पी-ई-सी-टी, जी गाणं न ऐकलेल्यालाही माहीत असते, ती रेडिंगच्या रेकॉर्डमध्ये नाहीच. मागून ‘सॉक इट टू मी’चा मारा करणाऱ्या तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा, त्याही तिथे नाहीत. आणि मूळ गाण्यात नसलेलं वळण हवं म्हणून मध्यभागी किंग कर्टिसचा सॅक्सोफोन घातला. त्याखालचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, सॅम अँड डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच एका गाण्यातून उचललेले आहेत. गाणं चाललेलं असतं एका पट्टीत, सॅक्सोफोन येतो भलत्याच पट्टीत, आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात ती मूळ जागी परत येते. दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ लावून पाहा. अरिथाची ऐकल्यावर रेडिंगची अर्धवट वाटते, आणि हे मी रेडिंगवर जीव असूनही म्हणतोय.

मग एवढं सगळं करून अरिथाला गीतकार म्हणून काय मिळालं? काही नाही. गाण्यावर आजही एकट्या रेडिंगचं नाव आहे. अमेरिकेत साध्या रेडिओ स्टेशनवर गाणं वाजलं की मोबदला मिळतो तो गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला आणि रेकॉर्ड कंपनीला त्यातलं काहीच जात नाही. अशी पद्धत असलेले देश जगात फार थोडे आहेत. त्यामुळे अरिथाचा आवाज इतकी दशकं अमेरिकी रेडिओवर घुमला, आणि त्या वाजण्याचे पैसे रेडिंगकडे गेले. तो डिसेंबर 1967 मध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी, विमान अपघातात गेला. नंतर ते त्याच्या वारसांकडे. गाणं पळवलं गेलं खरं, पण भाडं मूळ मालकालाच मिळत राहिलं. गाणं आणि रेकॉर्ड वेगळी असणं म्हणजे काय, हे याहून स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही.

गायिका आणि गीतकार डॉली पार्टनला हे पक्कं कळत होतं. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ तिनं 1973 मध्ये लिहिलं, ते पोर्टर वॅगनर या तिच्या कार्यक्रमातल्या जोडीदाराचा निरोप घेताना. म्हणजे मुळात ते प्रियकराला उद्देशून नाहीच. एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरनं अट घातली की प्रकाशनाचे अर्धे हक्क आम्हाला द्या. तिनं नाही म्हटलं, आणि त्या नकारापायी ती खूप रडलीही. 1992 मध्ये ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिट्नी ह्यूस्टननं ते गायलं, गाणं 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि हक्क शाबूत असल्यानं पैसा डॉलीच्या घरी आला. व्हिट्नीच्या रेकॉर्डची सगळी करामत रचनेत आहे. सुरुवातीला वाद्य नाही, नुसता आवाज. ही कल्पना नायक केव्हिन कॉस्टनरची, आणि तिच्यावर तो अडून बसला. मग हळूहळू वाद्यं भरतात, क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एक घाव बसतो आणि पट्टी एका पूर्ण स्वरानं वर चढते. अंगावर काटा येतो तो तिथेच. माझं मत विचाराल तर डॉलीची रेकॉर्ड जास्त खरी आहे. तिच्यात निरोप घेणाऱ्याचा संकोच आहे. व्हिट्नीच्या गाण्यात संकोचाला जागाच नाही. पण डॉलीच्या गाण्यात एवढं मोठं काही दडलंय हे व्हिट्नीनं दाखवलं, तेही नाकारता येत नाही.

उलट फजिती झाली ती सॉफ्ट सेल या इंग्रज जोडीची. 1981 मध्ये त्यांनी ‘टेंटेड लव्ह’ हे ग्लोरिया जोन्सनं 60 च्या दशकात गायलेलं, फारसं न चाललेलं गाणं सिंथेसायझरवर बसवलं आणि ते जगभर गाजलं. पण तबकडीच्या दुसऱ्या बाजूलाही त्यांनी दुसऱ्याचंच गाणं टाकलं होतं. तिथे स्वतःचं एखादं टाकलं असतं तर तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे गीतकाराचा निम्मा वाटा त्यांच्याकडे आला असता. तेव्हा ते ध्यानात आलं नाही.

‘रिस्पेक्ट’मध्ये बोलणारा बदलला. ‘हर्ट’मध्ये एक शब्द सोडला तर बोल तेच राहिले आणि वय बदललं. ‘नाइन इंच नेल्स’ या रॉक बँडच्या ट्रेंट रेझ्नरनं हे लिहिलं तेव्हा तो तिशीच्या आत होता. 1994 सालच्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या अल्बमचं हे शेवटचं गाणं. स्वतःला इजा करून घेणाऱ्या, नशेत बुडालेल्या तरुणाचं. त्याच्या कडव्यात गिटारवर एक सूर मुद्दाम खटकणारा ठेवलाय. खालच्या सुराला षड्ज धरलं तर तो तीव्र मध्यम पडतो, आणि तो सुटत नाही, लोंबकळत राहतो. मागे खरखर चालू असते. ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू द्यायचं नाही, हाच हेतू.

2002 मध्ये निर्माता रिक रुबिननं हे गाणं जुन्याजाणत्या अमेरिकी गायक जॉनी कॅशपुढे ठेवलं. कॅश तेव्हा 70 वर्षांचा, आजारी, आवाज चिरकलेला. त्यानं तो खटकणारा सूर काढून टाकला आणि साधे, सरळ कॉर्ड घेतले. कशावर तरी राग काढण्याचं त्याचं वय उरलं नव्हतं. मुकुटाचा उल्लेख आहे तिथे मूळची शिवी काढून त्यानं ‘काट्यांचा’ हा शब्द घातला, आणि श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तो लगेच येशूचा मुकुट झाला. गिटार, पियानो, आणि शेवटाकडे पियानोचा एकच सूर ठोकत ठोकत वाढत जाणारा. बाकी काही नाही. ‘माझ्या ओळखीचं प्रत्येक जण शेवटी निघून जातं’ या अर्थाची ओळ तिशीच्या आतला माणूस म्हणतो तेव्हा ती निराशा असते. सत्तरीतला म्हणतो तेव्हा ती नुसती माहिती असते, आणि तीच जास्त लागते.

मार्क रोमानेकनं केलेल्या व्हिडिओत बंद पडलेलं, पडझड झालेलं कॅशचं संग्रहालय दिसतं, आणि जिन्यावर उभं राहून नवऱ्याकडे पाहणारी जून कार्टर कॅश दिसते. मे 2003 मध्ये ती गेली, सप्टेंबरमध्ये तो. रेझ्नरला आधी ही कल्पना फारशी रुचली नव्हती. व्हिडिओ पाहिल्यावर मात्र हे गाणं आता आपलं राहिलं नाही असं वाटल्याचं त्यानं पुढे मोकळेपणानं सांगितलं. इथे एक शंका घ्यायलाच हवी: आपल्याला गाणं आवडतं की मरणाच्या दारातला कॅश आवडतो? व्हिडिओ बंद करून, डोळे मिटून ऐकलं तरी माझ्यापुरतं कॅशचंच पारडं जड राहतं, पण बरंच कमी जड. नाइन इंच नेल्सच्या चाहत्यांचा राग मला समजू शकतो.

लेनर्ड कोहेनच्या ‘हॅलेलुया’ची गोष्ट तिसऱ्याच जातीची. इथे निवड बदलली. कोहेननं वर्षानुवर्षं घोळवून या गाण्याची डझनावारी कडवी लिहून ठेवली होती. 1984 मध्ये अल्बम तयार झाला तर त्याच्या कंपनीनं तो अमेरिकेत काढायलाच नकार दिला. रेकॉर्ड ऐकली तर कारण थोडं कळतं. त्या काळचा सिंथेसायझर, मागे चर्चच्या थाटाचा कोरस, पुढे कोहेनचा संथ, खर्जातला आवाज. गाणं आत कुठेतरी आहे, पण रेकॉर्डनं ते झाकून टाकलंय.

पुढे जॉन केल या गायकानं कोहेनकडे शब्द मागितले आणि त्याच्याकडे फॅक्सवर कागदांची रांगच लागली. देवाधर्माची काही कडवी त्यानं बाजूला ठेवली, देहाची आणि तुटलेल्या प्रेमाची उचलली, आणि 1991 मध्ये पियानोवर एकट्यानं गायलं. आपण आज जे ‘हॅलेलुया’ ओळखतो ते मुख्यतः केलनं जुळवलेलं आहे. जेफ बकलीनं 1994 मध्ये गिटारवर गायलं ते केलचं ऐकून. म्हणजे कव्हरचं कव्हर. 2001 मध्ये ‘श्रेक’ या कार्टूनपटात केलचा आवाज आला आणि गाणं पोराटोरांपर्यंत पोचलं. डिसेंबर 2008 मध्ये ब्रिटनच्या यादीत एकाच आठवड्यात टीव्ही स्पर्धा जिंकलेली अलेक्झांड्रा बर्क पहिली, बकली दुसरा आणि स्वतः कोहेन छत्तिसावा होता. तिन्ही वेळा गीतकार तोच.

‘रिस्पेक्ट’, ‘हर्ट’ आणि ‘हॅलेलुया’ या तिन्ही गाण्यांत नव्या गायकानं एकच काहीतरी हलवलं आणि बाकीचं त्यामागून सरकलं. ते हलवायला मुळात जागाही लागते. जे गाणं आपल्या पहिल्या रेकॉर्डमध्ये पूर्ण फुललेलं असतं, त्याचं कव्हर बहुधा फसतं. करायला काही उरलेलंच नसतं. म्हणून बॉब डिलनची इतकी कव्हर गाजतात. तो गाणी लिहितो पूर्ण आणि रेकॉर्ड करतो कच्ची. 1967 च्या अखेरीस आलेलं त्याचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ म्हणजे गिटार, हार्मोनिका आणि मागे बास-ड्रमची साधी साथ, बस. काही आठवड्यांतच जिमी हेंड्रिक्सनं लंडनमध्ये ते घेतलं आणि शब्दांत नुसतं सूचित असलेलं वादळ गिटारमध्ये आणलं. पुढे डिलन स्वतःच ते हेंड्रिक्सच्या वळणानं वाजवू लागला.

याला एक काळी बाजू आहे, ती गाळून चालणार नाही. 50 च्या दशकातल्या अमेरिकेत काळ्या गायकांच्या रेकॉर्ड बऱ्याचशा काळ्यांच्या स्टेशनांपुरत्या राहत. एखादी तिथे गाजली की गोऱ्या गायकाकडून तेच गाणं गुळगुळीत करून घ्यायचं आणि मोठ्या बाजारात उतरवायचं, हा धंदाच होता. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ 1955 चं. पॅट बूननं त्याची सभ्य नक्कल केली आणि पॉपच्या यादीत ती मुळाच्याही वर गेली. आज बूनची रेकॉर्ड लोक लावतात ती हसण्यासाठी. ‘हाउंड डॉग’ बिग मामा थॉर्नटननं 1952 मध्ये गायलं तेव्हा ते आयतोबाला घराबाहेर काढणाऱ्या बाईचं गाणं होतं. एल्विसपर्यंत पोचेतो मधल्या एका बँडनं त्याचे शब्द विनोदी करून टाकले होते, त्यामुळे 1956 च्या त्याच्या रेकॉर्डमध्ये ते खरोखरच कुत्र्याचं आणि सशाचं गाणं झालं. बोलणारा इथेही बदलला, पण अर्थ वाढायच्या ऐवजी गळून गेला. खप एल्विसचा, गाणं थॉर्नटनचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या कानाचाही भरवसा थोडा जपूनच धरावा. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये मांडलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. जी आवृत्ती आधी आणि जास्त ऐकली, तीच ‘बरोबर’ वाटते. तेव्हा तुलना करताना जी कमी ओळखीची आहे ती आधी तीन-चार वेळा ऐकावी आणि मग बोलावं.

आता परवानगीचं. अमेरिकेत कुणीही कुणाच्याही गाण्याचं कव्हर करू शकतो ते 1909 च्या कायद्यामुळे, आणि त्याचं मूळ आहे आपोआप वाजणाऱ्या पियानोत. त्यात गाण्याप्रमाणे भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी बसवली की ते गाणं वाजायचं. एकाच बड्या कंपनीनं सगळ्या गाण्यांचे हक्क बळकावू नयेत म्हणून संसदेनं ठरवलं, की एकदा गाणं बाजारात आलं की कुणीही ठरलेला दर भरून ते वाजवावं. दर होता प्रतीला 2 सेंट, आणि तो जवळजवळ सत्तर वर्षं तसाच राहिला. 2025 मध्ये तो दर प्रतीला 12.7 सेंट होता. वाद्यमेळ आपल्या ढंगानं बदला, फक्त चालीचा गाभा बदलू नका, एवढीच अट.

आपल्याकडे कॅसेटच्या काळात, 80 च्या दशकात, टी-सीरिजच्या गुलशन कुमार यांनी जुनी हिंदी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्तात विकली. जुन्या रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात होत्या, पण गाणं पुन्हा गाऊन घ्यायची वाट तेव्हाच्या कायद्यानं मोकळी ठेवली होती. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं ती अरुंद केली. आता कलम 31 सी प्रमाणे पहिल्या रेकॉर्डच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, वर्षाला किमान 50,000 प्रतींचा मोबदला आगाऊ धरावा लागतो (भाषेचा पसारा लहान असेल तर तो आकडा कमी करायची सोय आहे), आधीच्या गायकाचं नाव-चित्र वापरता येत नाही, आणि वेष्टनावर ‘कव्हर’ असं लिहावं लागतं. यातली सगळ्यात मोठी मेख म्हणजे मालकाच्या संमतीविना शब्दांत किंवा चालीत बदल करायचा नाही. म्हणजे या वाटेनं हुबेहूब नक्कल बसते, पण अरिथानं जे केलं ते बसत नाही. त्यासाठी मालकाकडेच जावं लागतं. घरी गिटार घेऊन यूट्यूबवर गाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की चित्राबरोबर गाणं जोडायची परवानगी या कलमात येत नाही. तिथे यूट्यूब आणि हक्कधारक यांच्यातले करार चालतात, आणि जाहिरातीचा पैसा बहुधा मालकाकडे वळतो.

शेवटी एक असं उदाहरण, जे वरच्या सगळ्या विवेचनाला जुमानत नाही. ट्रेसी चॅपमनचं 1988 सालचं ‘फास्ट कार’ 2023 मध्ये ल्यूक कोम्ब्स या कंट्री गायकानं गायलं आणि जवळजवळ काहीच बदललं नाही. गाण्यात बोलणारी मुलगी दुकानात गल्ल्यावर काम करते. या दांडग्या, दाढीवाल्या माणसानं तिचा मुलगा केला नाही, होती तशी ठेवली. त्याची रेकॉर्ड बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. चॅपमनची 1988 मध्ये सहाव्यापर्यंत गेली होती. तरी ती मुळापेक्षा सरस आहे असं मला वाटत नाही, आणि कोम्ब्सलाही ते वाटत असेल असं त्याच्या वागण्यावरून दिसत नाही. गाण्याची एकटी गीतकार चॅपमन. त्यामुळे कंट्री म्युझिक असोसिएशनचा त्या वर्षीच्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार तिला मिळाला, तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रॅमीच्या मंचावर दोघांनी ते एकत्र गायलं. सुरुवातीची ती गिटारची ओळ तिनं वाजवली, आणि नंतरच्या दिवसांत लोकांनी विकत घेतलं ते तिचं जुनं रेकॉर्डिंग.